शनिवारचा फळा

फाटकाजवळचा फळा तीन फूट बाय दोन.
आठवड्याची अख्खी शाळा त्यात बसवायची
म्हणजे शब्दांच्याही कॉलरी धरून
रांगेत उभं करावं लागतं.
वर तारीख. विक्रम संवत लिहायचं की शके,
हा वाद आमच्या स्टाफरूममध्ये तेवीस वर्षं चालू आहे,
म्हणून मी इंग्रजी तारीख घालते. सगळे गप्प.

बातमी पहिली : मगर गेली.

एवढंच. पालकांना एवढंच हवं असतं.
विश्वामित्री आपल्या पात्रात परत गेली
आणि हिला न्यायची विसरली;
चार दिवस टाकीमागे पडून होती
गृहपाठ न केलेल्या मुलासारखी, हूं नाही की चूं नाही.
वनखात्याच्या माणसांनी डोळ्यांवर ओलं गोणपाट टाकलं,
तोंड दोरीनं बांधलं, टेम्पोत चढवली,
आणि दुसरीचा वर्ग खिडकीच्या गजांना लोंबकळून
एका सुरात ओरडला : आवजो! आवजो!
मोठ्या बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या,
अरे, आवजो म्हणजे पुन्हा या.
मगरीला कोणी पुन्हा या म्हणतं का?
मराठी शाळा आहे ना आपली?
तर मागून कोणीतरी : मग अच्छा म्हणू?

हे फळ्यावर मावत नाही.

सोमवारपासून खिचडी. ताटली घरून आणावी.
शाळेच्या सत्तेचाळीस वाहून गेल्या;
एक काळ्या घोड्याच्या पुलाखाली सापडली,
पाठीवर खिळ्यानं कोरलेलं 'चौथी ब',
ते वाचून भंगारवाला सायकलवरून देऊन गेला,
पैसे घेईना. मधुबेननी त्याला
तीच ताटली भरून खाऊ घातलं.

चाचणी परीक्षा आठ दिवस पुढे.
पुस्तकं अजून गच्चीवर, विटांखाली.
गणित लवकर वाळतं. परिसर अभ्यासाला वेळ लागतो,
त्यात चित्रं फार, नद्याही फार.

पाच तारखेला चौथीची मुलं शिकवतील.
हर्षिता शितोळे मोठ्या बाई होणार;
आत्तापासूनच मला 'अहो, जरा ऐका' म्हणते.
कमाटीबागेची सहल दिवाळीआधी.
मगरीच्या पिंजऱ्याकडे जायचं नाही असं तिसरीचं म्हणणं :
आमची बघून झाली.

आता तळाशी चार बोटं जागा उरली.
मंगळवारी रंगारी येणार, तेवढंच राहिलं लिहायचं.

पाणी ओसरलं तेव्हा सगळ्या भिंतींवर एक रेघ सोडून गेलं,
मातकट, सरळ. आम्ही पट्टीनं आखली असती
तरी इतकी सरळ आली नसती.
पहिलीतला भूषण बोरसे रोज प्रार्थनेआधी
दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून उभा राहतो,
टाचा टेकवून, हनुवटी वर. विचारतो,
बाई, मी पाण्यातनं वर आलो का?
मी त्याच्या डोक्यावर वही आडवी धरते.
सांगते, अजून दोन बोटं.
तो मान हलवतो आणि वर्गात जातो.
त्या रात्री तो माळ्यावर होता,
एवढंच त्याच्या आईनं सांगितलं,
आणि मी एवढंच विचारलं.
परवा बघते तर आणखी पाचसहा जण
त्याच्या मागे रांगेत.

मंगळवारी रंगकाम, लिहिलं.
मुलांनी भिंतीला टेकू नये, लिहिलं.
पुसलं. हातावर खडू तसाच.
मग अगदी बारीक अक्षरात, फळ्याच्या चौकटीला चिकटून :

पहिलीच्या दाराशेजारची हातभर भिंत
रंगवायची नाही. आज्ञेवरून.

कोणाच्या, ते लिहायला
जागा उरलेली नाही.